तात्यांच्या आवाजासाठी कॉम्प्युटर

आमची गायन पार्टी चौघांची. चहाला बसलो की कुणीतरी कॉम्प्युटरचा विषय काढतंच, आणि मग चहा गार होतो! एकाला एक आठवतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरं. हे किस्से कुणी ठरवून गोळा केले नाहीत, आपोआप साठत गेले.

चौघांत मुख्य गायक तात्या. कळसला त्यांची शेती. सुनंदाताई दवाखान्यात नर्स, त्या कोरस धरतात. मिलिंद साखर कारखान्यात फिटर, ढोलकी त्याच्याकडं. मी जळोचीच्या शाळेत शिक्षक, कीबोर्ड वाजवतो. भीमजयंतीच्या दिवसांत आम्ही बारामती-इंदापूरची गावं पालथी घालायचो.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तात्यांचा आवाज बसायला लागला. तपासल्यावर स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे. पण ऑपरेशननंतर आवाज असाच राहील, याची खात्री देत नाही. तोवर गळ्याला जपा."

तात्या म्हणाले, "मंग आधी गाणी भरून घेतो. गळा नंतर कापा!"

*

पुण्यातल्या स्टुडिओत आम्ही पूर्वी एकदा गेलो होतो. तिथं सगळं काम तासावर. तात्यांचा आवाज लागायला दोन चहा लागतात. आवाज लागला आणि तास संपला! म्हणून ठरलं, कॉम्प्युटर घ्यायचा आणि माझ्या घरीच रेकॉर्डिंग करायचं.

बारामतीतल्या दुकानदारानं विचारलं, "कशाला पाहिजे? हिशोबाला का टायपिंगला?"

"गाण्याला."

त्यानं आम्हा चौघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मग टेप घ्या की!"

*

दुसरं दुकान इंदापूरला, स्टँडजवळ. तिथला पोरगेला मालक हुशार होता. पेंटियम, रॅम, मेगाहर्ट्झ असं बरंच सांगत होता. तात्या त्यातलं काही ऐकत नव्हते. ते एकेका चालू कॅबिनेटला कान लावत फिरत होते.

"ह्याला धाप लागलीया. ह्यो तर माझ्यापेक्षा घोगरा. गाण्यात ह्याचीच घरघर यायची."

मुद्दा खरा होता. माईक शेजारी असल्यावर फॅनचा आवाज रेकॉर्ड होणारच. शेवटी कोपऱ्यातल्या एका कॅबिनेटपाशी तात्या थांबले. बराच वेळ कान लावला. चेहरा खुलला.

"ह्यो बगा, किती गप हाय. ह्योच घ्या!"

मालक धावत आला. "तात्या, तो रिपेअरीला आलाय. फॅनच जळालाय त्याचा!"

*

साउंड कार्ड मात्र चांगलंच घ्यायचं, यावर मी अडून बसलो. आधी भरलेली ढोलकी ऐकता ऐकता त्यावर गाणं भरता आलं पाहिजे. साध्या कार्डात ते जमत नव्हतं. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं.

सुनंदाताई म्हणाल्या, "म्हणजे एकाच वेळी ऐकायचं पण आणि बोलायचं पण?"

"हो."

"घ्या मग. आमच्या घरात तर कुणालाच जमत नाही ते!"

*

हार्डडिस्क चार जीबीची. मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, जन्मात भरणार नाही!"

एकेका गाण्याचे आम्ही चार-पाच टेक घ्यायचो, एकही पुसवत नव्हता. आमचा जन्म दिवाळीच्या आत संपला.

*

फॅनवर उपाय मिलिंदनं काढला. बाहेरच्या खोलीच्या भिंतीला त्यानं भोक पाडलं, वायरी त्यातून घातल्या आणि कॅबिनेट स्वयंपाकघरात ठेवलं. बाहेर स्क्रीन, आत घरघर! एका दुपारी मी चालू करायला गेलो तर कॅबिनेट झाकून ठेवलेलं, वर भांडं.

"अगं, हे काय?"

बायको म्हणाली, "गरम असतंय ना ते. दही लावलंय."

*

आता हसतो, पण एका दुपारी हसलो नव्हतो. दारं-खिडक्यांना गोधड्या लावून रेकॉर्डिंग चाललं होतं. तात्या डोळे मिटून गात होते. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा लागला होता. आणि मधल्याच कडव्याला लाईट गेली. स्क्रीन काळी.

मिलिंदचा हात ढोलकीवर अडखळला. सुनंदाताईंनी त्याला खूण केली, वाजव. कीबोर्डही बंद पडला होता, म्हणून मी हार्मोनियम ओढली, त्यांनी कोरस धरला. गाणं पुरं झालं.

तात्यांनी डोळे उघडले. "आज लागला बगा आवाज! आलं का समदं?"

मिलिंदनं ढोलकी खाली ठेवली. शेवटी सुनंदाताई म्हणाल्या, "तात्या, ते आपल्या चौघांपुरतंच होतं."

तात्यांनी काळ्या स्क्रीनकडं बघितलं, मग ते घोटभर पाणी प्यायले. "असू द्या. लाईट आली की पुन्यांदा म्हनू."

त्या दिवशी त्यांना पुन्हा म्हणता आलं नाही, आवाज पार बसला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक जाऊन यूपीएस आणला. पुढच्या आठवड्यात ते गाणं झालं. चांगलं झालं. तसं नाही झालं.

*

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढं यथावकाश आवाज परत आला, पण वरची पट्टी गेली ती गेलीच. आता वरचे सूर सुनंदाताई लावतात.

पण ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस डॉक्टरांनी बोलायला पूर्ण बंदी केली होती. तपासणीला बरं पडावं म्हणून तात्या आमच्याकडंच राहिले. मी त्यांना शाळेतली पाटी-पेन्सिल आणून दिली. गळ्याला मफलर गुंडाळून ते दिवसभर ओट्यावर बसून असायचे.

एका सकाळी कळसहून त्यांचे शेजारी ज्ञानूआबा भेटायला आले. गावात बातमी गेली होती, तात्यांचा आवाज गेला. आबा फाटकातूनच डोळे पुसत आत आले. मी खोलीत रेकॉर्डिंग लावून बसलो होतो. खिडकीतून तात्यांचा आवाज खणखणीत बाहेर येत होता.

आबा जागीच थांबले. एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा ओट्यावरच्या तात्यांकडं.

"तात्या, आरं मंग आत कोन गातंय?"

तात्यांनी पाटी मांडीवर घेतली, सावकाश लिहिलं आणि आबांच्या पुढ्यात धरली.

"मीच. गप बस, ऐकू दे!"