ज्याला येत नाही, त्याच्या हाती खडू

चार डॉक्टर जमले की पेशंटचे किस्से निघतात. आम्ही तिघं भेटलो की पेशंट बिचारे बाहेरच राहतात, कारण आमची गाडी नव्वदच्या दशकातल्या फर्स्ट एमबीबीएसच्या पुढे सरकतच नाही. नगर जिल्ह्यातलं, चहूबाजूंनी ऊस असलेलं कॉलेज. मी जामखेडचा, प्रज्ञा पुणतांब्याची आणि दत्तू काष्टीचा. लायब्ररीमागच्या कडुलिंबाखाली आमचा अभ्यास चालायचा. एक जुनं दार काळं रंगवलं, तोच फळा.

*

पहिल्या दिवशी प्रज्ञानं शिकवलं. ती बॅचमध्ये पहिली. हातातल्या सगळ्या नसा तिनं दहा मिनिटांत उरकल्या आणि विचारलं, "काही डाउट?"

दत्तू म्हणाला, "सुरवात कदी केली?"

प्रज्ञा आधी चिडली, मग तिनंच नियम केला. ज्याला येत नाही, त्यानंच शिकवायचं. ज्याला येतं, त्यानं फक्त चुकलं तर तोंड उघडायचं.

फिजिऑलॉजीच्या प्रत्येक टेस्टमध्ये दत्तू आपटलेला. त्यामुळे तो आमचा कायमचा प्रोफेसर झाला. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेतही आपटला असता तर बॅच सुटली असती, आणि वडिलांनी काष्टीच्या बैलबाजारात त्याच्यासाठी काम बघूनच ठेवलं होतं.

*

हृदयाच्या झडपा दत्तूनं अशा शिकवल्या: "ह्यो पाट. पानी फुडं गेलं की दार पडलं पायजे. न्हाई पडलं तर पानी माघारी, आन भावकीत भांडनं."

पुढच्या टेस्टला मी पेपरात सरळ पाटच काढला. फिजिऑलॉजीच्या सरांनी लाल पेननं शेरा मारला, "उत्तर बरोबर. शेत कोणाचं?"

*

पोटावर बोटं वाजवून, भरीव आवाजावरून लिव्हर कुठवर आहे ते ओळखायचं, हे मला जमत नव्हतं. म्हणजे शिकवायचं मी! पेशंट दत्तू, वेळ रविवारच्या जेवणानंतरची. मी त्याचं लिव्हर बेंबीपर्यंत आणलं आणि पेननं रेघ मारली. दत्तू पांढराफटक पडला आणि शर्ट वर धरूनच सरांच्या क्वार्टरवर धावला.

सरांनी वाजवून पाहिलं. "जेवलास किती?"

"चौदा पोळ्या."

"उद्या उपाशी ये. लिव्हर जागेवर जाईल."

*

मग आली युनिव्हर्सिटीची फिजिऑलॉजीची तोंडी परीक्षा. दत्तूच्या मागचा नंबर माझा, म्हणून मी दाराशीच उभा होतो. माझी परीक्षा राहिली बाजूला, याचंच कसं होणार ही काळजी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "लघवी कशी तयार होते?"

दत्तू म्हणाला, "येत न्हाई सर."

एवढं बोलून तो उठला, फळ्यापाशी गेला आणि खडू उचलला.

"अरे, येत नाही ना? मग तिकडे कशाला?"

"आमच्यात ज्याला येत न्हाई, त्यानंच शिकवायचं असतं."

परीक्षक मागे टेकून बसले. दत्तूनं किडनी काढली. "आई घर आवरती तसंच हाय सर. आदी समदं भाईर काढायचं. मग कामाचं परत आत घ्यायचं. उरलं ते टाकायचं." असं बोलत बोलत, अडखळत, पुसत, तो पाणी, मीठ, साखर एकेक करून परत आत घेऊन आला. परीक्षकांचा चहा गार झाला.

"पास," ते म्हणाले. "तुमच्यात सगळ्यात हुशार कोण?"

"प्रज्ञा, सर."

"ती काय शिकवते?"

"तिला आमी शिकवू देत न्हाई, सर. तिला समदं येतं."