भोईरांच्या डिझेल पंपाचं सील

विषय : डिझेल मोटारीच्या पंपातील बदल कायम ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.
अर्जदार : श्री. काशिनाथ भोईर, टूरिस्ट गाडीचे मालक व चालक, राहणार माजिवडा.
कारण : पत्नीस दमा आहे. गाडीचा धूर सोसत नाही.

नव्वदच्या दशकात वरील प्रकरण माझ्या टेबलावर होतं. ऑफिस कोणतं ते सांगत नाही. गाड्या पास करण्याचं होतं आणि ठाण्यात होतं, एवढं पुरे. अशा ठिकाणी फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक इतकाच की किश्श्यांचा निकाल निदान चहा संपेपर्यंत लागतो.

धूर मोजायचं मशीन यायच्या आधी आमचे इन्स्पेक्टर पेंडसेसाहेब सायलेन्सरपुढे स्वतःचा पांढरा रुमाल धरायचे. रुमाल किती काळा होतो, त्यावर गाडी पास की नापास. एकदा डबा खाताना म्हणाले, "घरी विचारतात, ऑफिसात काम करता की चूल फुंकता?"

प्रश्न रास्त होता. आम्ही खाली मान घालून जेवत राहिलो.

*

पुढे मशीन आलं. पहिल्या दिवशी बाहेरची गाडी कशाला, म्हणून ऑफिसचीच डिझेल जीप लावली. नापास झाली.

साहेबांनी ती मुकाट्याने कोपऱ्यावरच्या दामू मिस्त्रीकडे पाठवली. दामूची युक्ती सगळ्या ठाण्याला ठाऊक होती. डिझेल पंपावर कंपनीने सील केलेला एक स्क्रू असतो. सील तोडून तो फिरवला की इंजिनला डिझेल कमी जातं. धूर घटतो आणि गाडीची ताकदही घटते. म्हणून चाचणीपुरता पंप खाली, चाचणी झाली की वर.

जीप जेवणाच्या सुट्टीआधी पास झाली. त्या दिवसापासून दामू आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करू लागला.

*

डोंबिवलीच्या एका वकिलांची गाडीही अशीच झकास पास झाली. पण फाटकापाशी जरासा चढ होता, तो काही तिला चढेना. शेवटी वकील, शिपाई, मी आणि साहेब ढकलायला लागलो.

साहेब धापा टाकत म्हणाले, "वकीलसाहेब, धूर अजिबात नाही हो तुमच्या गाडीला."

"कसा असेल?" वकील म्हणाले. "चालतेय कुठे?"

*

भोईर खाडीकाठचे. जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवून घेतलेलं, त्याचा धूर मागच्या सीटवर यायचा. त्या सीटवर रोज त्यांची बायको, हिराबाई, मासळीची टोपली घेऊन बाजाराला जायची. दम्यामुळे टोपलीसकट बस चढणं तिला जमत नव्हतं.

चाचणीसाठी दामूने पंप खाली केला, त्या दिवशी हिराबाई न खोकता घरी पोचली. दुसऱ्या दिवशी भोईर गॅरेजात.

"मिस्त्री, वर नको करू. आसाच ऱ्हाऊ दे."

"अरे काश्या, चढाला बसेल गाडी."

"दोन पासिंजर कमी घेईन. फक्त सील लावून दे, तुटल्या सीलानं गाडी चालवायची नाय मला."

"ते ऑफिसातनं लावून आण," दामू म्हणाला. "मी तोडलं तर धंदा, लावलं तर गुन्हा."

भोईर आमच्याकडे आले आणि सील तुटल्याचं आपणहून सांगितलं. असं सांगणारा तो पहिला माणूस. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"भोईर, हे बोलला नसतात तर बरं झालं असतं."

पण बोलले होते, त्यामुळे अर्ज घ्यावा लागला. तो वर गेला. वरून उत्तर आलं, की निर्णय होईपर्यंत पंप मूळ स्थितीत आणून सील करावा. दामूने पंप वर केला, आम्ही सील लावलं. आता ते तोडलं तर परमिट जाणार होतं. धूर वाढला, पण प्रकरण विचाराधीन असल्यामुळे चाचणीतून गाडीला तात्पुरती सूट मिळाली. ठाण्यातलं ते एकमेव शाबूत सील असावं.

*

एकदा हिराबाई स्वतः आली. जिना चढून आल्यावर बराच वेळ बाकावर बसून राहिली. श्वास जरा खाली बसला तसा पदर सावरून साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"भाऊ, धूर सोडाया परवानगी लागते का?"

"नाही, बाई."

"मंग बंद कराया कशाला लागते?"

साहेबांनी तिच्यासाठी पाणी मागवलं. दुसरं काही त्यांच्या अधिकारात नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी वर स्मरणपत्र पाठवलं आणि त्यात खालच्या बाजूला, नियमात नसताना, 'बाईंना फार त्रास होतो' असं हाताने लिहिलं.

*

दिवाळीनंतर भोईर आले ते टेबलापाशी उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सायब, ती गेली. आता परवानगी नको. अर्ज परत द्या."

अर्ज परत देता येत नाही. तो मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो मीच लिहून दिला आणि भोईरांनी सही केली. वर पाठवला. माझ्या निवृत्तीच्या जरा आधी त्यावर शेरा आला : 'मूळ अर्जात नमूद केलेले कारण अद्याप अस्तित्वात आहे किंवा कसे, याबाबत अर्जदाराच्या पत्नीचा खुलासा घ्यावा.'

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.