परत फिरणारे पाय

कॉलेजच्या मैदानावर सकाळी फिरताना रोज एकच दृश्य दिसतं आणि रोज माझी चिडचिड होते. शीतल तो लांबट चेंडू काखेत घेऊन सुसाट पळते, समोरच्या मुलीला हात लावते आणि गर्रकन मागे वळते. ती मूळची कबड्डीची खेळाडू. तिथे गडी बाद करून आपल्या बाजूला परतायचं असतं. या अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र पुढेच घुसायचं.

"अगं, घरी कुठं निघालीस?" सावंतसर ओरडतात. कबड्डी, खो-खो, गोळाफेक असं सगळं गाजवून ते आता या खेळाचे प्रशिक्षक झालेत. मुली रविवारचा सामना हरल्या, तर त्यांचं मैदान क्रिकेटवाल्यांना जाणार आहे.

झालेलं काम मी रोजच्या कामांच्या यादीतून खोडते आणि मोकळी होते. अंगात मुरलेली सवय अशी खोडता का येऊ नये?

आज ती पुन्हा वळली. मला राहवेना. "सर, जरा कडक बोला की तिला!"

सरांनी तोंडातली शिट्टी काढली.

"काय बोलू, ताई? हात लावून मागे फिरायचं, हे ती शाळेत कबड्डी खेळायची तेव्हा मीच घोटून घेतलंय तिच्याकडून."