पेरूच्या बागेतला सासरा

गुजरातेतल्या सचिन गावच्या कारखान्यांची रांग संपते तिथून शेतं सुरू होतात. त्यातल्या पहिल्याच शेताच्या बांधाला लागून आमची खोली आहे. नवरा कपडा रंगवायच्या कारखान्यात जातो. मी सकाळी दोन-तीन तास शेतात पाणी धरते, निंदते, आणि दुपारी घरी बसून साड्यांचे धागे कापते. पांडेसऱ्याहून साड्यांचा गठ्ठा येतो. मागच्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कातरीने कापायचे, घडी घालायची, दुसरी साडी घ्यायची.

शेत एका गुजराती घरचं. घरातल्या म्हाताऱ्यांना सगळे दादा म्हणतात. आपल्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ, इथे दादा म्हणजे आजोबा. त्यांची सून ती भाभी. मला काही सांगायचं असलं की मी भाभीच्या कानाशी जाऊन सांगायची. चार वर्षांत दादांशी मी एक शब्द बोलले नव्हते. ते दिसले की पदर पुढे ओढायचा आणि खाली बघायचं. ‘हो’ म्हणायलाही मान हलवायची.

मी मोकळी बोलायची ती फक्त माझ्या बकरीशी. मुलगी लग्न होऊन नंदुरबारला गेली त्या वर्षी आईने ही पाट, म्हणजे कोवळी बकरी, दिली. तपकिरी रंग, एका कानावर पांढरा ठिपका. चहापुरतं दूध देते. मी धागे कापत बसले की समोर रवंथ करत ऐकून घेते, मध्ये तोंड घालत नाही.

या थंडीत दादांनी पेरूची चाळीस कलमं लावली. मधल्या जागेत पापडी, वालासारख्या शेंगांचे वेल. एक दिवस सकाळी शेतात आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. पाच-सहा कलमांची बुंध्याशी साल सोललेली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं. पापडीचे कोवळे वेल तोडलेले. दादांच्या तळहातावर चार लेंड्या होत्या.

“आ शुं छे? लींडी! आपल्या शेतात लींडी कोण टाकतं? मराठणनी बकरी!”

भाभीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. दादा भाभीलाच म्हणाले, मी तिथे नव्हतेच जशी, “तिला सांग. रविवारपर्यंत बकरी इथून गेली पाहिजे. नाहीतर तिनेही यायचं नाही.”

माझी बकरी रात्रभर आमच्या खोलीत बांधलेली असते, दाराला कडी असते. हे मला माहीत होतं. पण मी पदर आणखी पुढे ओढला.

सगळे गेल्यावर मी कलमांपाशी बसले. तुटलेला एक वेल हातात घेतला आणि चमकले. कापलेलं टोक तिरपं होतं, एकदम साफ. दिवसभर कातर चालवते म्हणून कापलेलं मला कळतं. बकरी चारा ओढते, हिसडते, तिच्या तोंडचं पान फाटकं असतं, दोऱ्या लोंबतात. हे तर कुणी धार लावून कापल्यासारखं होतं. लेंड्याही पाहिल्या. माझ्या बकरीच्या लांबट, काळ्या, चकचकीत. या गोल, सुक्या, गवताच्या रंगाच्या. आणि बकरी वरचा हिरवा शेंडा सोडून खाली बुंध्याशी कशाला वाकेल?

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी खाता खाता हसला. “साफ कापेल शे? मंग तुन्हीच कातर फिरनी व्हई तठे! झोपमा उठीसन गयी व्हशी.”

“मस्करी नका करू. रविवारी बकरी जाईल.”

“मंग सांग ना त्यासले. तोंड शे ना तुले?”

तोंड आहे, पण ते दादांसमोर उघडत नाही, हे याला काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून बांधावर जाऊन बसले. धुकं होतं. थोडं उजाडलं तशी पापडीत पानं हलली आणि दोन लांब कान वर आले. ससा! मागच्या पायांवर उभा राहिला, कलमाच्या बुंध्याला पुढचे पाय टेकवले आणि मजेत साल सोलायला लागला, जसं कुणी उसाचं कांडं सोलतं. मी “हाड!” केलं तर एका उडीत बांधापलीकडे.

आता दादांना सांगायलाच हवं होतं. भाभीला सांगितलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण दादा म्हणाले असते, बकरीवालीच सांगते. मी स्वतः सांगायचं ठरवलं. अडचण एवढीच की सशाला गुजरातीत काय म्हणतात ते येत नव्हतं. मुलगी शाळेत जायची तेव्हाचा गुजराती मुळाक्षरांचा तक्ता जुन्या खोलीतून आणून इथे भिंतीवर लावलाय, ओल झाकायला. त्यावर सशाचं चित्र शोधलं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण गुजराती अक्षरं आपल्या अक्षरांची भावंडंच, फक्त डोक्यावर रेघ नाही. लावून लावून वाचलं. स, स, लुं. ससलुं. वाटेभर म्हणत गेले, ससलुं, ससलुं, ससला आवे छे, ससला खाई जाय छे.

दादा ओसरीवर हिंडोळ्यावर बसले होते. भाभी पायरीवर पापडी सोलत होती. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यातला तक्ता पुसला गेला.

“बकरी नहीं, दादा,” मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. “ससरा. रोज ससरा आवे छे. झाड खाई जाय छे.”

हिंडोळा थांबला.

“कोण?” दादा म्हणाले.

“ससरा,” मी जोरात म्हणाले, त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सकाळी. दोन पायांवर उभा राहून खात होता.”

भाभीच्या हातातलं सूप कलंडलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, खांदे गदागदा हलत होते. मग माझ्या लक्षात आलं. ससरा म्हणजे सासरा. गुजरातीत सासऱ्याला असंच म्हणतात. आणि या घरात सासरा एकच होता, तो समोर हिंडोळ्यावर बसला होता.

दादांनी सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडून बोट आत घालून दाखवलं. “मारे तो दांत ज नथी! मी झाड कसा खाऊ?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण पळून गेले असते तर बकरी गेली असती. म्हणून मी हाताची दोन बोटं डोक्यावर धरली, कान केले आणि तिथल्या तिथे एक छोटी उडी मारली. माझ्या वयाच्या बाईने, दादांसमोर.

“ससलुं!” भाभी ओरडली आणि मग तिला आवरेचना.

दादाही हसले. पण ते पक्के शेतकरी, नुसत्या उडीवर मानणारे नव्हते. काठी घेऊन बांधावर आले. मी पेरूची एक फांदी बकरीपुढे धरली. तिने ओढली, हिसडली, फाडली. उरलेलं टोक मी दादांच्या एका हातात दिलं आणि सशाने कापलेला वेल दुसऱ्या हातात. त्यांनी दोन्ही टोकं अंगठ्याने चाचपली. शेवटी बकरीच्या लेंड्याही काठीने उलटून पाहिल्या.

“बेनने बधी खबर छे, हिला सगळं कळतं,” ते भाभीला म्हणाले. मग मान वळवून मला म्हणाले, “आता काय करायचं? तूच सांग.”

माझ्याकडे साड्यांच्या कडेच्या पट्ट्या होत्या. गठ्ठ्यातून निघतात, व्यापारी फेकून द्या म्हणतो. जांभळ्या, पोपटी, जरीच्या. दोन दिवस मी आणि भाभीने प्रत्येक कलमाला बुंध्यापासून ससा उभा राहून पोचेल तिथपर्यंत पट्टी गुंडाळली. पापडीभोवती खालून पट्ट्या ताणल्या आणि कड मातीत दाबली. भाभी कलमांना सुना म्हणत प्रत्येकीचा पदर वेगळा काढत होती, एकीचा गुजराती, एकीचा आपल्यासारखा.

सगळं वाचलं नाही. दोन कलमं सुकली. पापडीची कडेची ओळ ससा अजूनही खातो. तिथेही पट्टी लावू का विचारलं तर दादा म्हणाले, “राहू दे. ससराने पण जमवा तो जोईए ने! त्यालाही जेवायला हवंच की!”

त्या रविवारी सकाळी दादा आमच्या दाराशी आले. मी पुढे होऊन बकरीची दोरी धरली. त्यांच्या काखेत पापडीच्या निकामी वेलांचा भारा होता. तो त्यांनी बकरीपुढे टाकला, तिच्या ठिपक्याच्या कानामागे खाजवलं आणि शेताकडे बघत म्हणाले, “बघ, सगळ्या सुनांनी घूंघट घेतलाय. आता सासरा लाजून येणार नाही.”

“सासरा कुठला लाजतो, दादा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

आता रोज सकाळी मी गेले की भाभी पायरीवरून विचारते, “ससरा आव्या हता?” मी काही बोलायच्या आत ओसरीवरून दादांचा आवाज येतो, “हुं तो अहीं ज छुं! मी तर इथेच बसलोय!”