अर्धा गिलास गोड पाणी

ज्या दिवशी मी पुण्याला निघाले, त्या सकाळी मायनं मला पाहुण्यांच्या पेल्यात पाणी दिलं. बाकी सगळं रीतीप्रमाणेच झालं. हातावर दही झालं, देवापुढं डोकं टेकवून झालं, शेजारच्या बाया दारात येऊन "पोचल्यावर फोन कर व" म्हणून गेल्या. दादा बाहेर सायकलच्या कॅरिअरला माझी पेटी बांधत होता, फाट्यावरून अकोल्याची एसटी धरायची होती. तेवढ्यात माय आतून तो पेला घेऊन आली आणि म्हणाली, "पे. लांब जाऊन रायली."

ज्यांनी आमच्यासारखं गाव पाहिलेलं नाही त्यांना यात काय विशेष, हे कळायचं नाही. आमचं गाव अकोटच्या खाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी भरपूर, दिसायला निर्मळ, पण घोट घेतला की जीभ आखडते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडते. विहीर आहे पण ओलीत नाही, असा आमचा थाट. प्यायचं गोड पाणी सातपुड्याच्या बाजूच्या गावातून सायकलीवर आणावं लागे. ते कोपऱ्यातल्या लहान माठात, झाकून. तो माठ पाहुण्यांचा आणि आजाऱ्यांचा. घरच्यांसाठी दाराजवळचा रांजण, खाऱ्या पाण्याचा.

पाहुण्यांचा पेला स्टीलचा होता, मायच्या लग्नातला, नाव कोरलेला. आम्हा घरच्यांचे जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, गिलास. माझा कोणता ते पोचा पाहून ओळखू येई. आणि आमच्याकडचा जाणता पाहुणा कधी पेला रिकामा करत नसे. ओठ न लावता वरून पाणी प्यायचा, अर्धा पेला परत द्यायचा, आणि उरलेलं माय पुन्हा माठात ओतायची. पेला संपवणाऱ्या पाहुण्याला तोंडावर कोणी काही बोलत नसे, पण तो गेल्यावर "गोड्या पान्याच्या गावचा दिसते" एवढं म्हणून मोकळे होत.

तर त्या सकाळी मी तो पेला घेतला, वरून प्याले आणि अर्धा परत दिला. हात आपोआपच थांबला. मायनं उरलेलं पाणी माठात ओतलं, झाकण ठेवलं. मला रडू आलं ते तेव्हा. सगळ्यांना वाटलं, गाव सुटतंय म्हणून रडते. मला एवढंच कळलं होतं की आजपासून या घरात मी पाहुणी.

तसं अमरावतीच्या पॉलिटेक्निकच्या होस्टेलनं मला गोड पाण्याची चटक आधीच लावली होती. तिथं नळ उघडा ठेवून पोरी दात घासायच्या आणि मी पुढं होऊन नळ बंद करायची. मला 'तोटी' असं नाव पडलं होतं. पुण्यात ड्रॉइंगच्या कामाची नोकरी लागली, मग फ्लॅट, मग स्कूटर, मग सोसायटीत एक निळा स्विमिंग पूल. गावाकडं दादा आणि माय राहिले. बाबा मी शाळेत असतानाच वारले होते.

ती वर्षं कशी गेली ते गाव सोडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सकाळी सकाळी गावाकडून फोन आला की आधी "कोण गेलं?" असं विचारायची आम्हाला सवय लागली होती. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडअळी, कधी भाव. दादाच्या वयाची पोरं एकेक करून सुरतेला, पुण्याला, भिवंडीला गेली. दादा नाही गेला. त्याचं लग्नही झालं नाही. मुली पाहायला गेलं की पलीकडची मंडळी शेतीचं नंतर, पाण्याचं आधी विचारत. एका मुलीची माय त्याला तोंडावर म्हणाली होती, "पोरगी काय पानी भरासाठी देऊ काय तुमाले?" दादा हे हसत सांगायचा. मला ते हसणं आवडायचं नाही.

मग त्याचे पाय सुजायला लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. पाण्यामुळं का, मी विचारलं. ते म्हणाले, पाणी असेल, अंगदुखीच्या गोळ्या असतील, दोन्ही असेल, आता विचारून काय उपयोग. मी किडनी द्यायला निघाले तर तपासणीत जुळली नाही. दादानं तर त्याआधीच नाही म्हटलं होतं. मग फाट्यावरचा एक रिक्षावाला, आठवड्यातून दोनदा अकोला, हाताला सुया आणि ते डायलिसिसचं मशीन. त्याच सुमारास गावात आरओचे जार यायला लागले होते. रोज सकाळी दारात गोड पाण्याचा गारेगार जार. आणि दादाला पाणी बंद. दिवसभराचं पाणी माय एका वाटीत मोजून द्यायची, तो ती वाटी पुरवून पुरवून प्यायचा. देवाला हेच सुचावं याचा मला आजही राग आहे.

मशीनवर पडल्या पडल्या तो मला फोन करायचा. "काही बी सांग. इथं छतावर पाली मोजून रायलो." मी नुकतीच पूलमध्ये उतरायला लागले होते. सोसायटीतला एक गट ट्रायथलॉनची तयारी करत होता, त्यातली एक मैत्रीण मला ओढत होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मधे थांबायचं नाही. हे ऐकून दादा मोठ्यानं हसला. "हे तर आपून रोज करत होतो व!"

खरंच करत होतो. शेतातल्या खाऱ्या विहिरीचं पाणी कोणी पीत नव्हतं, म्हणून पोरांनी त्यात डुंबलं तरी कोणी हाकलत नसे. दादानं पाठीला दोन सुके भोपळे बांधून मला तिथं ढकललं होतं. मग तो कॅना लावून सायकलीवर पाण्याला निघायचा आणि मी मागची कॅन धरून पळायची, सांडू नये म्हणून. मेडल तेवढं कोणी दिलं नाही.

"तू हो बाप्पा पार," तो म्हणाला. "अन् मंग समोर बसून सांगजो. फोनवर नाही." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार लांबचे बेत करू नका. म्हणून मी सगळ्यात जवळच्या तारखेची, सगळ्यात छोटी शर्यत धरली. तयारी अर्धीमुर्धी होती. मला जिंकायचं नव्हतं, मला त्याला सांगायचं होतं.

शर्यत पुण्याजवळच्या एका धरणावर होती. उतरायची वेळ झाली, सगळे धडाधड पाण्यात गेले आणि मी काठावर उभी. भीती खोल पाण्याची नव्हती. पूलचं पाणी औषधाच्या वासाचं, पण हे समोरचं सगळं पाणी गोड होतं, आणि गोड पाण्यात पाय घालायचा नसतो. लहानपणी त्यासाठी पाठीत धपाटे खाल्लेत. मागून शिट्टी वाजली, कोणीतरी "मॅडम, चला" ओरडलं, तेव्हा मी कशाला पाय लागल्यावर करतात तसा पाण्याला हात लावून डोक्याला लावला आणि उतरले. मधेच नाकातोंडात पाणी गेलं. गिळलं तर गोड! एवढं अख्खं धरण गोड, आणि आम्ही त्यात लाथा मारत चाललो होतो.

सायकल बरी झाली. पळताना मात्र पोटऱ्या आखडल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला खाली बसले. एक स्वयंसेविका धावत आली. माझ्या कमरेची पाण्याची बाटली तिनं हलवून पाहिली. बाटली तुडुंब. पाण्याच्या टेबलावर मी थांबले होते तिथंही अर्धाच ग्लास प्याले होते आणि उरलेला परत ठेवायला जागा शोधत होते. बाकीचे अर्धे प्यालेले ग्लास रस्त्यावर फेकत पुढं जात होते. डांबरावर गोड पाण्याचा ओघळ लागला होता, त्यावरून पळायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"मॅडम, पाणी का नाही प्यायलात?"

"ठेवलं होतं."

"कोणासाठी?"

तिनं जबरदस्तीनं बाटली माझ्या तोंडाला लावली. मी उठले आणि उरलेलं अंतर बहुतेक चालतच गेले. शेवटच्या दोनचारांत आले. मेडल मिळालं.

पुढच्याच आठवड्यात गावी गेले. ओट्यावर गर्दी झाली, मेडल हातोहात फिरलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मांगं कोन लागलं होतं?" कोणी नाही म्हटल्यावर तो बुचकळ्यात पडला. "मंग पयाली काहून?" सगळे हसले. दादाही हसला. तो भिंतीला टेकून गोधडी पांघरून बसला होता, चेहरा काळवंडलेला, पाय उशीवर. लोक पांगल्यावर म्हणाला, "आता मले सांग. पयल्यापासून."

मी सांगितलं. टोप्या, शिट्टी, सायकलींची रांग, माझ्यापुढं निघून गेलेले एक आजोबा. पोटऱ्या आखडल्या, खाली बसले, उठले, पोचले. दादा डोळे मिटून ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं डोळे उघडले.

"अन् पानी?"

"काय पाणी?"

"धरनात पोहली, उन्हात पयाली, अन् पान्याचं तू काइच नाही सांगतलं. मले पानी बंद हाय, आयकनं बंद नाही."

मग मला सगळं सांगावं लागलं. काठावर थांबलेली मी, नाकातोंडात गेलेला तो घोट, रस्त्यावर फेकलेले ग्लास, कमरेची भरलेली बाटली. तो मधे मधे विचारत होता. गार होतं काय? घशाखाली जाताना कसं वाटलं? ग्लास केवढा होता? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. बोलताना मला माझीच लाज वाटत होती आणि तो ओठांवरून जीभ फिरवत होता. बाटलीचं सांगितलं तेव्हा मात्र तो चिडला.

"ठेवलं कोनासाठी व? माह्यासाठी? मले चालते काय ते?"

त्यानं आत हाक मारली, "माय, इले पानी दे." माय जारचं पाणी घेऊन आली, त्याच स्टीलच्या पेल्यात. आता घरात सगळेच गोड पाणी पितात, तरी मी आले की माय तोच पेला काढते. दादा म्हणाला, "त्याच्यात नको. पावनी हाय काय ते? घरच्या गिलासात दे."

मायनं फडताळातून माझा पोचा पडलेला गिलास शोधून आणला, पुसला, भरला. मी वरून प्याले. अर्ध्यावर हात थांबला.

"पुरा," दादा म्हणाला. "ओठ लावून पे. मले पाहू दे."

मी ओठ लावून प्याले. तो माझ्या घशाकडं पाहत होता, आणि मी गिळलं की त्याचाही घसा हलत होता. गिलास उपडा करून दाखवला तेव्हा त्यानं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. मी परसात जाऊन पोटभर रडले.

दादा पोळ्याच्या आधी गेला. पुण्याच्या गटात आता लोक मला नव्या मंडळींना अनुभव सांगायला बोलावतात. मी पोहण्याचं, सायकलीचं, पळण्याचं सांगते. तहान लागायच्या आधी पाणी प्या, राखून ठेवू नका, एवढं बजावते. का ते सांगत नाही.

माय पुण्याला यायला तयार नाही. मी गेले की ती माझा गिलास भरून आणते. दादाचा गिलास फडताळात माझ्या गिलासाशेजारीच आहे, तो ती कोणाला देत नाही. मी प्यायला लागले की माय समोर पाट घेऊन बसते, माझ्या घशाकडं पाहत राहते. घर म्हणून माझ्याकडं आता एवढंच उरलंय. मी ओठ लावून गिलास पुरा रिकामा करते, आणि मगच ती उठते.