एका तंतूचे दोन तंतू

माझ्या वडिलांचं, आबांचं, हर्नियाचं ऑपरेशन धुळ्यात होतं. साक्रीहून सकाळच्या एसटीने आलो, त्यांना आत नेलं, आणि आईशेजारी बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला. नुसतं बसणं मला जमणार नव्हतं.

मी तेव्हा पीएचडी करत होते. ताऱ्यांच्या मधल्या जागेत थंड वायू आणि धूळ लांबच लांब तंतूंसारखी पसरलेली असते. त्यात दाट ठिकाणी तारे जन्मतात. असा एक तंतू घेऊन मी त्याची रुंदी मोजली होती. भोवतीचा विरळ वायू त्याच्यात ओढला जातोय, असं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण ते धुळीच्या चित्रावरून. वायूचा वेग सांगणारी रेडिओ निरीक्षणं आदल्या दिवशीच मिळाली होती.

कोणत्या वेगाचा वायू किती आहे, याचा आलेख काढला. एकाच तंतूचं एकच शिखर हवं, तिथे दोन होती. मी उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"काय व्हयनं? डॉक्टर काही बोलनात का?" आईने घाबरून विचारलं.

"नाही गं. माझं काम चुकलंय."

"बठ्ठं?"

"अर्धं तरी."

"मंग बस ना आठे. आबांना बाहेर तर येऊ दे."

बसवेना. जिन्यात उभी राहून माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"दाट वायू स्वतःच्याच प्रकाशाचा मधला भाग शोषतो, तेव्हाही दोन शिखरं दिसतात," सर म्हणाले. "वायूत अगदी थोडा असतो त्या रेणूची रेषा पाहिलीस? त्यात असं शोषण होत नाही, तंतू एक असेल तर शिखरही एकच दिसेल."

पाहिली नव्हती. तिथेच पायरीवर बसून पाहिली. त्यातही दोन, त्याच जागी.

"मग ते दोन तंतू आहेत," सर म्हणाले. "एकामागे एक. तू मोजलीस ती दोघांची मिळून रुंदी."

"आणि भोवतीचा वायू?"

"तो कोणाचा, हे आता तुला शोधावं लागेल."

एवढ्यात आईने हाक मारली. आबांना बाहेर आणलं होतं. गुंगीत होते, पण ठीक होते. मी त्यांचा हात धरून उभी राहिले आणि डोक्यात शिखरंच फिरत होती. त्याची लाज वाटली, तरी ती थांबली नाहीत.

प्रकरण नव्याने लिहिलं. आधीच्यापेक्षा निम्मं झालं आणि परीक्षकांनी ते मान्यही केलं. ते दोन तंतू एकमेकांना भिडलेत की त्यांच्यात फार अंतर आहे, हे मात्र अजून ठरवता आलेलं नाही. नव्या निरीक्षणांसाठी दुर्बिणीवर वेळ मागितला आहे. उत्तर आलेलं नाही.