सिस्टरचा दुसरा अर्ज

आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सला सगळे नुसतं सिस्टर म्हणतात. तिचे यजमानही चारचौघांत चुकून तसंच म्हणतात आणि मग जीभ चावतात. वीस वर्षं ती त्याच दोन खोल्यांत काम करत होती. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येणार. बाकीचे दिवस सिस्टर, वजनकाटा आणि औषधांचं कपाट.

रस्ता ओलांडला की आमची शाळा. मी तिथली मुख्याध्यापिका. विज्ञानाच्या शिक्षिकेची बदली झाली, त्या जागेवर तीन वर्षांत कुणी फिरकलं नाही, म्हणून ते वर्ग मीच घ्यायचे. मी भाषेची बाई. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मुलं बिचारी गप्प बसून लिहून घ्यायची.

त्या वर्षी आमच्या कुंभाराचा पाय गेला. मधुमेह होता, टाचेला जखम झाली. सिस्टरने त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. दोन बस बदलून जायला साडेचार तास, यायला तेवढेच. दोनदा गेला. दुसऱ्यांदा ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हणाले. तो मंगळवार त्याने भट्टीपाशी काढला, त्याच्या पुढचाही. मग गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

सिस्टर मला म्हणाली, “बाई, ती जखम मी दिवसाआड बांधत होते. पण ती बघून ‘आज घाई करा’ म्हणणारा माणूस साडेचार तासांवर होता. त्याने एकदा नुसती बघितली असती तरी पुरलं असतं.”

त्यानंतर महिन्याभरात तिने एक जाहिरात शोधून काढली. दूरच्या गावांना पडद्यावरून शिक्षण आणि पडद्यावरून वैद्यकीय सल्ला मिळावा, यासाठी यंत्रसामग्रीचं अनुदान. फॉर्म चांगला एकेचाळीस पानी. तिने तो एकटीने भरला आणि पाठवला. तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं : ‘गरज सिद्ध होत नाही.’

ते पत्र घेऊन ती सरळ माझ्या खोलीत आली. “तुमची अडगळीची खोली मला द्या.”

“सिस्टर, कागदावर डोकं आपटून कागद फुटत नाही,” मी म्हणाले. “आणि त्या खोलीत मोडके बाक आहेत.”

“बाक हलवू. तुम्हाला विज्ञानाचा शिक्षक हवा ना? इंटरनेटची एकच लाइन मागू. सकाळी तुमचा वर्ग, दुपारी माझे पेशंट. दोघींनी एकत्र मागितलं तर नाही म्हणायला त्यांना जरा जड जाईल.”

मला पटलं म्हणून मी हो म्हटलं असं नाही. ती उठेना, म्हणून म्हटलं.

आता गरज सिद्ध करायची होती. या कामी पुढे आल्या तिच्या सासूबाई. तोंडाने तिखट, कान शाबूत. “मला लिहिता येत नसेल, पण विचारता येतं,” असं म्हणून त्या उपकेंद्राच्या बाकड्यावर ठाण मांडून बसल्या. येईल त्याला प्रश्न : शहरातल्या डॉक्टरकडे कधी गेला होतास? घरून किती वाजता निघालास? परत कधी आलास? डॉक्टरने हात लावला की नुसतं बघितलं? कुणी टाळाटाळ केली की म्हणायच्या, “तुझ्या लग्नाचं नाही विचारत रे, पायाचं विचारतेय.” सिस्टर शेजारी बसून लिहून घ्यायची.

चार महिन्यांत तीनशे बारा खेपांची नोंद झाली. त्यांतल्या दोनशे चार खेपांना डॉक्टरने पेशंटला हातसुद्धा लावला नव्हता. रिपोर्ट बघितले, दोन प्रश्न विचारले, औषध लिहिलं. हा आकडा सिस्टरने अर्जाच्या पहिल्याच पानावर टाकला.

गावानेही आपला वाटा द्यावा अशी अट होती, श्रमाच्या रूपात दिला तरी चालणार होता. गवंड्याने भिंतींची ओल काढली, सुताराने मोडक्या बाकांचीच टेबलं केली. सिस्टरचे यजमान वायरमन, त्यांनी सगळी वायर नवी टाकली. मागच्या बाजूला वेगळं दार हवं, असा सिस्टरने हट्ट धरला. “शाळेच्या पोरांदेखत कोण सदरा काढेल?” दार पाडताना गवंडी दिवसभर कुरकुरला, पण दार झालं.

दुसऱ्या अर्जावर तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. मोबाइलच्या लाइनवरून आम्ही त्यांना प्रयोग करून दाखवणार होतो. पोस्टातल्या कारकून बाईंच्या हातांवर पुरळ होतं, शहरातले त्वचेचे डॉक्टर पडद्यावर आले. “हात जरा उजेडात—” एवढं बोलले आणि चित्र थिजलं. मग पडदा काळा. अधिकारी बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

सिस्टर शांतपणे म्हणाली, “मॅडम, याच्यासाठी अर्जात पान सतरा आहे.” तिने त्या हातांचे तीन फोटो काढले, कधीपासून, खाज किती, कुठला साबण, सगळं टाइप केलं आणि ठेवून दिलं. “लाइन आली की आपोआप जाईल. डॉक्टर सवडीने उत्तर देतील. शाळेचे धडेही असेच आधी उतरवून ठेवायचे. लाइन जाणारच, हे धरूनच आम्ही आखलंय.”

“आणि दोन दिवस आलीच नाही तर?”

“तर मी फोन घेऊन टेकडी चढेन. वर रेंज असते. टेकडी अर्जात लिहायची राहिली, हवी तर लिहून घ्या.”

अधिकारी बाई हसल्या आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं.

अनुदान मंजूर झालं, पण कात्री लागून. तीन वर्षांऐवजी दोन, आणि तंत्रज्ञाचं पद रद्द. यंत्रं येणार, ती सांभाळायला माणूस नाही. मी हातपाय गाळले. सिस्टरने त्याच पडद्यावर चालणाऱ्या तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वय त्रेपन्न. सहा महिने सकाळी ड्यूटीआधी ती मागच्या बाकावर चष्मा सावरत बसायची. प्रात्यक्षिकात एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली.

सगळंच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही बायका आजही कॅमेऱ्यासमोर बसत नाहीत. एकीने तर, बसायचा आग्रह केला म्हणून, सिस्टरशी बोलणंच सोडलं. पण आमच्या दहावीच्या एकोणीस जणांपैकी सात जणांनी पुढे विज्ञान घेतलं. आधीच्या तीन वर्षांत मिळून एकानेही घेतलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एक निवृत्त कंडक्टर छातीत जळजळतंय म्हणून आले. पित्ताची गोळी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. सिस्टरने तारा लावून हृदयाचा आलेख काढला आणि पाठवला. पाच मिनिटांत हृदयाचे डॉक्टर पडद्यावर. “सिस्टर, यांना चालू देऊ नका. गाडी बोलवा. मी इथे तयारीत राहतो.” सिस्टरने त्यांनी सांगितलेल्या गोळ्या दिल्या, गाडी बोलावली आणि स्वतः सोबत गेली. वाटेभर कंडक्टर तिच्याशी भांडत होते, पित्तच आहे म्हणून.

तीन आठवड्यांनी ते परत आले, वाळलेले, पण स्वतःच्या पायांनी. आभार वगैरे काही नाही. खोलीभर नजर फिरवून म्हणाले, “ही खुर्ची फार उंच आहे. पाय लोंबकळतात माणसाचे.”

“बरोबर आहे,” सिस्टर म्हणाली आणि सुताराला निरोप धाडला.